हुमणीसाठी मेटारायझियम: कधी, कुठे आणि कसं

ऑगस्ट सरता सरता उसाची बेटं पिवळी पडू लागतात. हाताने ओढलं तर अख्खं बेट मुळं तुटून वर येतं, खाली उकरलं की इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढुरक्या अळ्या दिसतात, आणि मग कृषी सेवा केंद्रात मेटारायझियम या कीड मारणाऱ्या बुरशीच्या पुड्यांना मागणी येते. नेमकी ही वेळ चुकीची. तोवर ही अळी, म्हणजे हुमणी, वाढीच्या तिसऱ्या अवस्थेत पोहोचलेली असते, जाडजूड आणि खादाड. बुरशीला तिला मारायला तीन-चार आठवडे तरी हवेत, कधी त्याहून जास्त; तेवढ्या काळात मुळं उरत नाहीत. मग गावभर होतं, "जैविकचा काही उपयोग नाही." उपयोग आहे. पण बुरशी जूनमध्ये जमिनीत जायला हवी, आणि तीही मुळांच्या पट्ट्यात.

आपल्या शेतात कोणती अळी आहे?

महाराष्ट्रात उसाला आणि भुईमुगाला त्रास देणारी मुख्य हुमणी म्हणजे होलोट्रिकिया सेराटा, म्हणजे माळावरची. कोल्हापूर, सांगली, सातारा भागात नदीकाठच्या जमिनीत ल्युकोफोलिस लेपिडोफोरा ही दुसरी जात आढळते. कुठे तिला उन्नी म्हणतात, कुठे उकरी, पण काम एकच: मुळं खाणं.

उकिरड्यात सापडणारी प्रत्येक पांढरी अळी मात्र हुमणी नसते. शेणखतात गेंड्या भुंग्याच्या आणि फुलभुंग्यांच्या अळ्याही मोठ्या संख्येने असतात. ओळखायची सोपी युक्ती आहे. अळी सपाट जमिनीवर किंवा घमेल्यात ठेवा. ती उलटी होऊन पाठीवर सरपटू लागली तर ती फुलभुंग्याची; कुजलेलं खाणारी, पिकाला निरुपद्रवी. तिच्यावर पैसे घालवू नका. खऱ्या हुमणीला पाठीवर चालता येत नाही, ती कुशीवर पडून पायांनी धडपडते.

पुढचं सगळं नियोजन तिच्या वर्षाच्या चक्रावर बेतलेलं आहे. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की मे-जूनमध्ये संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात, पाला खातात, मीलन करतात आणि पहाटेच्या आत पुन्हा जमिनीत शिरतात. मादी साधारण १० सेंमी खोलीवर एकेक अंडं घालते. दहा-पंधरा दिवसांत अंडी फुटतात. पहिल्या अवस्थेतली अळी तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठी नसते. ती कुजलेले सेंद्रिय पदार्थ आणि कोवळी तंतुमुळं खाते. पुढे दुसरी अवस्था, आणि ऑगस्टपासून तिसरी, जी चार-साडेचार महिने चालते. खरं नुकसान या तिसऱ्या अवस्थेत होतं. नंतर अळी खोल जाऊन कोष करते आणि तयार झालेला भुंगेरा पुढच्या वळवाची वाट पाहत जमिनीतच पडून राहतो. वर्षाला एकच पिढी. म्हणजे संधीही वर्षाला एकदाच: जूनचा मध्य ते जुलैअखेर, अळी लहान असताना.

बुरशी अळीला मारते कशी

रासायनिक कीटकनाशक अळीच्या पोटात किंवा चेतासंस्थेवर काम करतं. मेटारायझियमला अळीने ते खाण्याची गरज नसते. बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, अळीच्या कातडीला चिकटतो, ओल मिळाली की साधारण दिवसभरात रुजतो, कातडी विरघळवणारी विकरं (एन्झाइम) सोडतो आणि आत घुसतो. अळीच्या रक्तात बुरशी वाढते, विषारी द्रव्यं तयार करते, अळी खाणं कमी करते, सुस्त होते आणि मरते. मेलेली अळी मऊ पडून सडत नाही, कडक होते. ओल असेल तर तिच्या अंगावर आधी पांढरी बुरशी येते आणि काही दिवसांत ती गर्द हिरवी होते. त्या हिरव्या भुकटीत पुन्हा असंख्य बीजाणू असतात.

या बुरशीचं भुंगेऱ्यांच्या अळ्यांशी नातं जुनं आहे. इल्या मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये ओडेसा भागात गव्हावरच्या ॲनिसोप्लिया नावाच्या भुंगेऱ्याच्या अळ्यांवर ती अभ्यासली, आणि मेटारायझियम ॲनिसोप्ली या तिच्या नावातलं 'ॲनिसोप्ली' तिथूनच आलं. ऑस्ट्रेलियात उसाच्या हुमणीसाठी हीच बुरशी तांदळाच्या कणीवर वाढवून तिचे दाणे जमिनीत पेरायची पद्धत निघाली. स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियात तिची चुलत बहीण बिव्हेरिया ब्रॉन्गनिआर्टी बार्लीच्या दाण्यांवर वाढवून कुरणात पेरतात. दोन्हीकडे बुरशी फवारत नाहीत, मातीत गाडतात. आपल्याकडे हा मुद्दा बऱ्याचदा सुटतो.

तिच्या मर्यादाही तिच्या जगण्याच्या पद्धतीतूनच येतात. तिला ओल लागते. २५ ते ३० अंश तापमान मानवतं. ३५ च्या वर वाढ मंदावते किंवा थांबते. उन्हातल्या अतिनील किरणांनी उघड्यावरचे बीजाणू काही तासांत निकामी होतात. आणि एकाच जातीचे वेगवेगळे वाण वेगवेगळ्या किडींवर कमी-अधिक चालतात. सुरवंटावर जोरात असलेला वाण हुमणीवर तितकाच चालेल असं नाही.

पुडी घेताना

दुकानात 'मेटारायझियम द्या' एवढं म्हणून चालत नाही. मेटारायझियम रिलेई नावाचीही बुरशी विकली जाते, जिचं जुनं नाव नोमुरिया. ती सोयाबीन-मक्यावरच्या पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी आहे, हुमणीसाठी नाही. व्हर्टिसिलियम किंवा लेकॅनिसिलियम रसशोषक किडींसाठी. आपल्याला हवी मेटारायझियम ॲनिसोप्ली. बिव्हेरिया बॅसियाना सोबत दिली तर चालते, पण एकच घ्यायची असेल तर हुमणीसाठी मी मेटारायझियमच घेईन.

लेबलवर पाहायच्या गोष्टी: केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीचा नोंदणी क्रमांक, वाणाचा क्रमांक, बीजाणूंची संख्या (प्रति ग्रॅम किमान १ × १०⁸ सीएफयू, म्हणजे रुजू शकणारे दहा कोटी जिवंत बीजाणू), उत्पादनाची तारीख आणि मुदत. बुरशी जिवंत आहे, त्यामुळे मुदतीइतकंच महत्त्वाचं आहे ती कुठे ठेवली होती. पत्र्याच्या गोदामात मे महिना काढलेली पुडी मुदतीत असली तरी घेऊ नये. कृषी विद्यापीठं, कृषी विज्ञान केंद्रं, वसंतदादा साखर संस्था आणि काही साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळा जैविक निविष्ठा तयार करतात. ताजा माल मिळण्याची शक्यता तिथे जास्त. मे महिन्यातच नोंदणी करून ठेवा, जूनमध्ये रांगा लागतात.

शंका असेल तर घरी तपासा. मूठभर तांदूळ अर्धवट शिजवून काचेच्या बरणीत भरा, तोंडाला कापूस लावून बरणी कुकरमध्ये वाफवा, थंड झाल्यावर चिमूटभर पावडर टाकून सावलीत ठेवा. आठ-दहा दिवसांत आधी पांढरी आणि मग हिरवी वाढ दिसली तर माल जिवंत आहे. काहीच आलं नाही, किंवा फक्त काळी बुरशी आणि आंबट वास आला, तर परत करा.

किती टाकायची: थोडं गणित

शिफारशी साधारण एकरी ४ ते ८ किलो पावडरच्या आहेत. लेबलवर दिलेलं प्रमाण अंतिम माना. पण हा आकडा जमिनीत कसा विरतो ते पाहण्यासारखं आहे. आठ किलो पावडर, प्रति ग्रॅम दहा कोटी बीजाणू, म्हणजे ऐंशी हजार कोटी. ऐकायला प्रचंड. आता एक एकर जमिनीच्या वरच्या १५ सेंमी थरात माती असते साधारण ८ लाख किलो. भागाकार केला तर एक ग्रॅम मातीला हजारेक बीजाणू येतात. प्रयोगांमध्ये चांगली मर दिसते ती बहुधा याहून बऱ्याच जास्त दाटीला.

म्हणून शेतभर विसकटून टाकणं हा पैशाचा अपव्यय आहे. चार फुटी सरीत फक्त मुळाजवळच्या एक फुटी पट्ट्यात तीच पावडर गाडली की दाटी चौपट होते, खर्च तोच. हुमणीही तिथेच येणार आहे, कारण तिचं खाणं तिथे आहे.

खतात मिसळण्याची पद्धत

एकराला लागणारी पावडर १०० ते १५० किलो शेणखतात किंवा गांडूळखतात मिसळायची. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. ढिगात कोपरापर्यंत हात घातल्यावर गरम लागलं तर ते अजून कुजतं आहे. त्या उष्णतेत बीजाणू मरतील, आणि अर्धवट कुजलेलं खत भुंगेऱ्यांना अंडी घालायला आमंत्रणच असतं. खत चाळून घ्या, त्यातल्या अळ्या वेचून काढा.

सावलीत फरशीवर किंवा ताडपत्रीवर खताचा थर पसरा, वर पावडर भुरभुरा, पुन्हा खत, असं करत फावड्याने नीट मिसळा. पाणी शिंपडा. मूठ आवळल्यावर गोळा व्हावा पण बोटांतून पाणी गळू नये, इतपत ओल. ढीग दीड फुटापेक्षा उंच नको, नाहीतर आत तापतो. वर ओलं गोणपाट झाकून पाच-सात दिवस ठेवा, एक-दोन दिवसांआड खालवर करा.

या काळात बुरशी कित्येक पटींनी वाढते असं सर्रास सांगितलं जातं. फार विश्वास ठेवू नका. शेणखतात आधीच हजारो प्रकारचे सूक्ष्मजीव असतात आणि ते नवख्या बुरशीला सहजासहजी जागा देत नाहीत. खतात मिसळण्याचा खरा फायदा वेगळा: पावडर सारखी पसरते, ओल टिकते आणि पहिल्या अवस्थेतली अळी ज्या सेंद्रिय पदार्थाकडे ओढली जाते त्यातच बुरशी असते. तेव्हा 'वाढेलच' म्हणून आठ किलोच्या जागी एक किलो वापरू नका.

गूळ, बेसन आणि पाणी घालून दोनशे लिटरच्या ड्रममध्ये बुरशी 'वाढवण्याचा' प्रकार तर याहून बेभरवशाचा. उघड्या गोड पाण्यात सर्वांत वेगाने वाढतात ते जिवाणू आणि यीस्ट. फेस आला, वास आला, म्हणजे मेटारायझियम वाढलं असं नाही.

पिकानुसार कुठे आणि केव्हा

सुरू उसाला हे सगळ्यात छान जमतं. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या उसाची मोठी बांधणी मेअखेर ते जूनमध्ये येते. बांधणीआधी बेटाच्या दोन्ही बाजूंना मुळालगत खत टाकायचं आणि लगेच मातीआड करायचं. बुरशी १०-१५ सेंमी खोल, उन्हापासून सुरक्षित, आणि अंडी पडण्याच्या वेळी जागेवर हजर. मे महिन्यातच बांधणी उरकत असेल तर मात्र थांबा. तापलेल्या कोरड्या रानात बुरशी टाकू नये. पाऊस झाल्यावर बेटालगत कुदळीने चर घेऊन टाका.

आडसालीत लागण जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे अळ्या आधीच जमिनीत. इथे लागणीच्या वेळी सरीत बेण्याखाली टाकणं हा एकच मार्ग. बेणं बुरशीनाशकात बुडवून लावणार असाल तर ते निथळून, सुकवून मग लावा. आदल्या पिकात हुमणी असेल तर उन्हाळ्यात दोनदा खोल नांगरट करून बगळे-कावळ्यांना रान मोकळं करून द्या. नांगरामागे फिरणारे बगळे जेवढ्या अळ्या खातात तेवढ्या बुरशी एका महिन्यात मारत नाही.

खोडव्याची, म्हणजे तोडणीनंतर जुन्या बुडख्यातून फुटलेल्या उसाची, स्थिती सर्वांत अवघड. जमीन हललेली नसते, हुमणी जागच्या जागी सुरक्षित असते. जूनच्या पहिल्या पावसानंतर बगला फोडताना चरात खत द्या. हुमणीने पोखरलेल्या उसाचा तिसरा-चौथा खोडवा ठेवण्याचा मोह टाळावा, त्यावर कोणतीच बुरशी औषध नाही.

भुईमूग, सोयाबीन यांना पेरणीच्या वेळी तासात, बियाण्याच्या थोडं खाली. बियाण्याला थायरम किंवा कार्बेन्डाझिम लावलं असेल तर बुरशीचं खत बियाण्याला चिकटून न टाकता चार बोटं अंतरावर पडेल असं पाहा.

उभ्या पिकात आळवणी करायची असेल तर पंपाचं नोझल काढून, संध्याकाळी, वापशावर, मुळाशी. द्रवरूप माल ठिबकमधून देता येतो. टाल्कवरची पावडर ठिबकमध्ये टाकली तर ड्रिपर तुंबतील. शिवाय ठिबकमधून दिलेले बहुतेक बीजाणू वरच्या काही सेंटिमीटर मातीतच अडकतात. म्हणून गाडणं पहिल्या पसंतीचं, आळवणी दुसऱ्या.

टाकल्यानंतर पंधरा दिवस तरी ओल टिकली पाहिजे. पावसाने ओढ दिली तर हलकं पाणी द्या. मात्र पाणी साचू देऊ नका; हवा नसलेल्या चिबडात बुरशीही गुदमरते.

सोबत काय नको

मॅन्कोझेब, कार्बेन्डाझिम, प्रोपिकोनॅझोल, ताम्रयुक्त बुरशीनाशकं यांची आळवणी असेल तर मेटारायझियमपासून किमान दहा-पंधरा दिवसांचं अंतर ठेवा. युरिया आणि इतर रासायनिक खतं त्याच ढिगात मिसळू नका. ट्रायकोडर्मा चांगली बुरशी आहे, पण ती दुसऱ्या बुरशींना मारण्यासाठीच ओळखली जाते. एकाच घमेल्यात दोघींना घालण्यात काय शहाणपण? आठवडाभर पुढेमागे द्या.

तुती लागवड आणि रेशीमशेती करणाऱ्यांनी विशेष सावध राहावं. बिव्हेरिया आणि मेटारायझियम रेशीम किड्यालाही मारतात. रेशीम किड्याच्या मस्कार्डिन रोगावर काम करतानाच अगोस्तिनो बस्सी यांनी १८३५ मध्ये बुरशीमुळे कीटकाला रोग होतो हे दाखवलं होतं. संगोपनगृहाजवळ ही पावडर हाताळू नका, आणि ज्या कपड्यांनी ती हाताळली त्याच कपड्यांनी आत जाऊ नका. माणसाला आणि गांडुळांना तिचा धोका नाही, तरी कोरडी भुकटी नाकात गेली तर ॲलर्जी होऊ शकते, म्हणून तोंडाला रुमाल बांधा.

भुंगेरे गोळा केल्याशिवाय बुरशी एकटी पुरत नाही

वळीव पडल्यावर संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास बांधावरच्या कडुनिंबा-बाभळीखाली ताडपत्री अंथरून फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. प्रकाश सापळेही याच दिवसांत, रात्री सात ते दहा. अंडी घालण्याआधी पकडलेली एक मादी म्हणजे पन्नासच्या आसपास अळ्या कमी. पण एकट्याने केलं तर शेजारच्या रानातले भुंगेरे येतच राहतात. गावाने मिळून सलग आठ-पंधरा दिवस केलं तरच फरक दिसतो. ज्यांनी हे केलं आणि जूनमध्ये बुरशी गाडली, त्यांना ऑगस्टमध्ये धावपळ कमी करावी लागते.

काम होतंय का, ते तपासणं

टाकल्यानंतर चार आठवड्यांनी शेतात पाच-सहा ठिकाणी एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा घ्या. मेलेल्या अळ्या मातीत चटकन सापडत नाहीत, म्हणून जिवंत अळ्याही घरी आणा. प्रत्येक अळी वेगळ्या डबीत, त्याच शेतातल्या ओलसर मातीत, गाजराच्या तुकड्यासह ठेवा. एका डबीत दोन ठेवल्या तर एकमेकींना चावतात. दोन-तीन आठवडे पाहा.

मेलेल्या अळीचा रंग बरंच सांगतो. कडक आणि हिरवी: मेटारायझियम. कडक आणि पिठासारखी पांढरी: बिव्हेरिया, किंवा हिरवी व्हायच्या आधीची मेटारायझियम, आणखी चार दिवस थांबा. विटकरी लाल, मऊ, पण दुर्गंधी नाही: हेटेरोऱ्हॅब्डिटिस नावाच्या कीटकभक्षी सूत्रकृमीचं काम, तेही उपयोगीच. काळी, लिबलिबीत आणि घाण वास: साधे जिवाणू, त्याचं श्रेय बुरशीला देऊ नका. हिरव्या झालेल्या अळ्या फेकू नका, पुन्हा त्याच सरीत पुरा.

ऑगस्टमध्ये तरीही खड्ड्याखड्ड्यात जिवंत अळ्या सापडत असतील, तर पीक वाचवण्यासाठी सूत्रकृमी किंवा शिफारस असलेलं रासायनिक कीटकनाशक वापरावं लागेल. त्यात कमीपणा काही नाही. फक्त जुन्या सवयीने फोरेट शोधू नका, त्यावर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे.

घरी बुरशी वाढवायची असेल तर

बचत गट किंवा शेतकरी गट हे करू शकतात, पण स्वच्छता जमली तरच. तांदळाची कणी किंवा ज्वारी रात्रभर भिजवून निथळायची, पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्यांत पाव-पाव किलो भरून तोंडाला कापसाचा बोळा लावायचा आणि प्रेशर कुकरमध्ये पाऊण तास वाफवायची. थंड झाल्यावर, पंखा बंद करून, पेटत्या स्पिरिटच्या दिव्याजवळ प्रयोगशाळेतून आणलेलं मूळ विरजण आत सोडायचं. २५ ते २८ अंशांच्या खोलीत ठेवून तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिशवी बाहेरूनच चोळून गठ्ठे फोडायचे. बारा-पंधरा दिवसांत दाणे गर्द हिरवे होतात.

काळी, नारिंगी किंवा गुलाबी वाढ दिसलेली पिशवी न उघडता नष्ट करा. पिवळट हिरव्या रंगाची तर अधिक भीती बाळगा. ती ॲस्परजिलस फ्लेव्हस असू शकते, जी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते, आणि नवख्या डोळ्याला तीही 'हिरवीच' दिसते. एका पिशवीतून दुसरी, दुसरीतून तिसरी असं वाढवत नेलं की बुरशीची मारकशक्ती उतरत जाते, म्हणून दर वेळी विरजण प्रयोगशाळेतूनच आणा.

कोकणात आणि गोव्यात

नारळावरच्या गेंड्या भुंग्यासाठी हीच पद्धत उलट्या बाजूने वापरतात. त्याची अळी मुळं खात नाही. ती शेणखड्ड्यात आणि कुजलेल्या ओंडक्यांत वाढते. त्यामुळे बुरशी झाडाला न देता खड्ड्याला द्यायची. केंद्रीय रोपवण पिके संशोधन संस्थेची शिफारस आहे दर घनमीटर खताला ५ × १०¹¹ बीजाणू. प्रति ग्रॅम दहा कोटींच्या पावडरने तेवढे भरायला घनमीटरला पाच किलो लागतात, त्यामुळे इथे दाण्यांवर वाढवलेली दाट बुरशी परवडते. जागा मर्यादित, सावली आणि ओल कायम, म्हणून शेतापेक्षा खड्ड्यात बुरशी जास्त काळ टिकते. खड्डा उपसताना तळाचं वीतभर खत तसंच ठेवा आणि नवं शेण त्यावर टाका.